स्वस्ताई आणि काटकसर : पिकअपसाठी इंधन व ऑइल निवडताना

कांद्याच्या हंगामात पिंपळनेरची पहाट गाड्यांच्या आवाजानेच उजाडते. एक पिकअप शेलबारी घाट ओलांडून ताहाराबाद-सटाण्याकडे निघते, दुसरी साक्रीमार्गे धुळ्याच्या बाजारपेठेकडे, तर तिसरी दहिवेलवरून कोंडाईबारी घाट उतरून नवापूर-सुरतेच्या वाटेला लागते. वार्सा-कुडाशीकडच्या पश्चिम पट्ट्यातील आठवडे बाजारांना किराणा, भांडी आणि कापड पोहोचवायचे असते. परतीच्या खेपेत धान्य आणि भुसार आणायचे असते. एकेकाळी जे काम बैलगाडीने आणि नंतर भाड्याच्या ट्रकने होत असे, ते आज बहुतेक व्यापारी कुटुंबांच्या स्वतःच्या पिकअपवर येऊन ठेपले आहे. २००५ मध्ये टाटा एस ही छोटी मालगाडी बाजारात आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ हे लाडके नाव दिले. तेव्हापासून तालुक्याच्या गावीदेखील दुकान आणि गाडी यांची जोडी पक्की झाली.

दुकानातील मालाचा हिशेब पैशापर्यंत चोख ठेवणाऱ्या घरात गाडीच्या हिशेबाबाबत मात्र अनेकदा ढिलाई दिसते. डिझेल कोठे भरले, ते चालकाने ठरवायचे. ऑइल कोणते टाकले, ते मिस्त्रीने ठरवायचे. मालकाने बिलाच्या आकड्याकडे पाहून ‘थोडे स्वस्त मिळाले नाही का?’ एवढेच विचारायचे, अशी रीत पडून गेली आहे. वास्तविक स्वस्ताई आणि काटकसर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्वस्ताई एका लिटरचा भाव पाहते. काटकसर एका किलोमीटरचा खर्च पाहते. पिकअपच्या बाबतीत या दोहोंतील अंतर फार महागात पडू शकते.

गाडी घेतानाच ठरणारे इंधन

इंधनाची पहिली निवड पंपावर नव्हे, तर गाडी खरेदी करतानाच होते. त्या वेळी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत : ओझे किती, रस्ता कसा आणि इंधन किती अंतरावर मिळते?

दीड टनाच्या आसपास माल भरून रोज घाट चढायचा असेल, तर डिझेल इंजिनाला आजही तोड नाही. कमी फेऱ्यांवर मोठी ओढ देणे हा त्या इंजिनाचा स्वभावधर्म आहे. गावातल्या गावात किंवा जवळच्या खेड्यांत हलका माल वाटायचा असेल, तर पेट्रोल वा सीएनजीची छोटी गाडी पुरेशी ठरते. सीएनजीचा किलोमीटरमागील खर्च सहसा कमी येतो. मात्र नेहमीच्या वाटेवर खात्रीचा गॅसपंप आहे का आणि तेथे रांगेत किती वेळ जातो, हे आधी स्वतः जाऊन पाहावे. नाशवंत माल भरलेली गाडी रांगेत तासभर उभी राहिली, तर गॅसमध्ये वाचलेले पैसे मालात जातात. सीएनजीची टाकी सुमारे २०० बार इतक्या दाबाने भरली जाते. म्हणून तिची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी कधीही चुकवू नये. गॅसवर इंजिनाची ओढ थोडी कमी होते, ही बाब घाटरस्त्याच्या व्यापाऱ्याने विशेष लक्षात घ्यावी. विजेवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्याही आता उपलब्ध आहेत. ठरावीक अंतराच्या आणि रात्री एकाच जागी मुक्कामाला येणाऱ्या गाडीसाठी त्यांचा विचार करण्यास हरकत नाही.

पेट्रोलची गाडी असल्यास इथेनॉलचा विचार आवश्यक ठरतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे गाडी थोडे अधिक इंधन पिते. या मिश्रणासाठी मुळात न बनलेल्या चारचाकींत ही घट ६ ते ७ टक्के, तर त्यासाठीच बनलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के राहील, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मांडला होता. जुन्या पेट्रोल गाडीच्या रबरी नळ्या आणि सील म्हणूनच वेळोवेळी तपासून घ्यावेत.

जुन्या अनुभवाची मर्यादा

‘आमची जुनी गाडी काहीही पचवत असे,’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. ते खोटे नाही. परंतु नव्या गाडीला ते लागू पडत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झाले. त्याआधीच्या बीएस-४ डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत गंधक चालत असे. बीएस-६ मध्ये ही मर्यादा अवघ्या १० भागांवर आली. इंधन इतके शुद्ध करण्याचे कारण असे की, इंजिनाच्या पुढे धुराड्यात बसविलेली शुद्धीकरणाची यंत्रणा गंधकाने निकामी होते.

नव्या इंजिनात डिझेल हजार बारहून कितीतरी अधिक दाबाने, केसाच्या जाडीशी तुलना करावी इतक्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. पंप आणि नोझल यांना वंगण मिळते तेही त्या डिझेलमधूनच. त्यात रॉकेल मिसळले की वंगणाचा गुण घटतो. पाणी शिरले की गंज चढतो. धूळ गेली की छिद्रे झिजतात. जुना पंप मिस्त्री दुपारभरात उघडून पुन्हा बसवीत असे. नव्या पिकअपचे चार नोझल आणि उच्चदाबाचा पंप बदलण्याची वेळ आली, तर वर्षभर स्वस्त डिझेल भरून साधलेली बचत एका दिवसात विरून जाते.

बहुतेक बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी जाळी असते. गाडी काही काळ सलग, चांगल्या वेगाने धावली म्हणजे ती काजळी आतल्या आत जळून जाते. जी पिकअप दिवसभर बाजारपेठेत पाच मिनिटे चालते आणि वीस मिनिटे थांबते, तिची जाळी भरत जाते आणि समोरच्या फलकावर सूचक दिवा लागतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी साक्री-धुळे रस्त्यावर सलग धावू द्यावे. दिवा लागूनही तसेच दामटणे हा दुरुस्तीच्या मोठ्या बिलाकडे जाणारा जवळचा रस्ता होय.

स्वस्त डिझेलचा हिशेब

महामार्गावर एखाद्या ढाब्यामागे, ड्रममधून, पंपापेक्षा काही रुपये कमी भावाने डिझेल मिळते, ही गोष्ट वाहतुकीच्या व्यवसायात कोणालाही नवी नाही. काही ठिकाणी त्यास ‘बायोडिझेल’ असे भारदस्त नावही दिले जाते. २०२० नंतरच्या काळात गुजरातमध्ये या नावाखाली कारखान्यांसाठीचे भलतेच तेल वाहनांना विकले जात असल्याचे उघड झाले आणि प्रशासनाला मोठ्या प्रमाणावर छापे घालावे लागले.

खरे बायोडिझेल ही वाईट वस्तू नाही. रुडॉल्फ डिझेलने शोधलेल्या इंजिनाचा एक छोटा नमुना १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविला होता. भुईमुगाच्या शेंगा आणि तेलघाणी पिढ्यान्पिढ्या पाहिलेल्या खानदेशी व्यापाऱ्याला ही हकिकत नक्कीच रुचेल. परंतु त्या काळच्या धिम्या, जाडजूड इंजिनाला जे चालले, ते आजच्या नाजूक नोझलांना चालत नाही. आज बायोडिझेल वापरायचे ते ठरलेल्या प्रमाणात, प्रमाणित डिझेलमध्ये मिसळलेले आणि परवानाधारक पंपावरचेच असावे.

आता भावाचा हिशेब मांडून पाहू. समजा, एक पिकअप महिन्याला २,४०० किलोमीटर चालते आणि चांगल्या डिझेलवर लिटरला १२ किलोमीटर देते. ९० रुपये भावाने २०० लिटरचे १८,००० रुपये होतात. दोन रुपये स्वस्त, परंतु हलक्या डिझेलवर तीच गाडी लिटरला साडेअकरा किलोमीटर देऊ लागली, तर सुमारे २०९ लिटर लागतील आणि ८८ रुपयांनी त्यांचे १८,३६५ रुपयांच्या आसपास होतील. ‘स्वस्त’ डिझेल घेऊन महिन्याला साडेतीनशेहून अधिक रुपये जास्त गेले आणि नोझलची झीज वेगळीच. लिटरमागे अर्धा किलोमीटर ही घट इतकी लहान आहे की, वहीत नोंद नसेल तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

हिशेबापलीकडची एक बाजूही आहे, आणि ती विसरणे उत्तर महाराष्ट्राला शोभणारे नाही. मनमाडजवळचे पानेवाडी हे या भागातील इंधन पुरवठ्याचे मोठे केंद्र. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्या परिसरात इंधनाच्या भेसळीचा प्रकार दिसला. त्याला अटकाव करण्यासाठी ते थांबले आणि तेथेच त्यांना जिवंत जाळण्यात आले. सारा महाराष्ट्र त्या घटनेने हादरला. भेसळीचा धंदा चालतो तो केवळ भेसळ करणाऱ्यांच्या धाडसावर नव्हे. काही रुपयांसाठी डोळे मिटून घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बळावर तो चालतो.

जैन गृहस्थाला यासाठी दूरचा उपदेश शोधावा लागत नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीने आणलेली वस्तू घेणे, राज्याच्या नियमाचे उल्लंघन करणे, मापात कमीअधिक करणे आणि अस्सल म्हणून नकली माल चालविणे यांची स्पष्ट गणना आहे. टँकरमधून काढलेले डिझेल ढाब्यामागे विकत घेताना यांपैकी किती दोष एकाच पिंपात जमा होतात, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पंपावरील ग्राहकाचे हक्क

सीमाभागात आणखी एक सवय आढळते. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या करांत फरक असल्याने नवापूरपलीकडे जाणाऱ्या गाड्या तिकडेच टाकी भरून घेतात. वाटेतच जायचे असेल तर ते योग्यच आहे. केवळ टाकी भरण्यासाठी घाट उतरून-चढून जाणे मात्र क्वचितच परवडते. त्यापेक्षा गावाजवळचा एक गर्दीचा, विश्वासाचा पंप निश्चित करावा. जेथे खप अधिक, तेथे साठा ताजा राहतो. तेथून नेहमी बिल घ्यावे. पुढे काही तक्रार उद्भवली तर तेवढाच पुरावा हाती असतो.

पंपावर ग्राहकाला काही हक्क आहेत. ते संकोच न करता वापरावेत. माप कमी वाटल्यास वैधमापन विभागाची मुद्रा असलेल्या पाच लिटरच्या मापाने तपासणी मागता येते. पेट्रोलच्या शुद्धतेसाठी फिल्टर पेपरची चाचणी मागता येते : कागदावर टाकलेला थेंब उडून गेल्यावर डाग राहू नये. डिझेलची घनता मोजून पंपावरील त्या दिवसाच्या नोंदीशी ताडून पाहता येते. दोहोंतील फरक घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त नसावा. इंधन भरण्यापूर्वी यंत्रावर शून्य पाहणे, ही तर चालकाची रोजची शिस्त असावी.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी शिरण्याचा धोका वाढतो. टाकी रात्री जवळजवळ रिकामी ठेवू नये. आतल्या हवेतील दमट वाफ थंड होऊन पाणी बनते. डिझेल फिल्टरखालील पाणी काढण्याचा स्क्रू पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत उघडून पाणी काढून टाकावे. गोदामात ड्रम भरून डिझेल साठविण्याचा मोह टाळावा. मालाशेजारी ती आगच साठविलेली असते. डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरले गेले, तर चावी मुळीच फिरवू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करवून घ्यावी. इंजिन सुरू न केल्यास बहुधा तेवढ्यावर निभावते.

डब्यावरील अक्षरांचा अर्थ

इंजिन ऑइलच्या डब्यावरील अक्षरे पाहून अनेकांचा गोंधळ होतो. परंतु त्यांत मुख्य गोष्टी दोनच असतात, जाडी आणि प्रत. ‘१५डब्ल्यू-४०’ हा जाडीचा निर्देश आहे. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याचे अक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका लहान, तितके ऑइल थंड इंजिनात लवकर वर चढते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ऑइलचा थर किती जाड राहतो ते सांगतो.

येथे मिस्त्री आणि मालक यांचा एक जुना समज आड येतो : ‘खानदेशचा उन्हाळा कडक, तेव्हा ऑइल जाडच हवे.’ धुळ्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे खरे. परंतु इंजिनातील ऑइल शंभर अंशांच्या आसपास काम करते आणि ते तापमान बाहेरच्या हवेपेक्षा इंजिनाची शीतनयंत्रणाच अधिक ठरविते. ज्या इंजिनाची बेअरिंगे आणि ऑइलच्या वाटा ५डब्ल्यू-३० साठी आखल्या आहेत, त्यात जाड ऑइल टाकले तर पहाटेच्या थंडीत ते टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते, आणि झीज नेमकी त्याच क्षणांत होते. उलटपक्षी, १५डब्ल्यू-४० साठी बनलेल्या जुन्या, दमदार इंजिनात ‘महागडे म्हणून चांगले’ अशा समजुतीने पातळ ऑइल टाकण्याचेही कारण नाही.

दुसरी गोष्ट प्रतीची. ‘एपीआय’ या खुणेपुढे ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेल इंजिनासाठी असतात. सीएच-४, सीआय-४ आणि सीके-४ या डिझेल ऑइलच्या एकामागून एक आलेल्या प्रती. त्यांतील सीके-४ ही २०१६ च्या अखेरीस आली. काजळीची जाळी असलेल्या गाडीला कमी राख सोडणारे ऑइल लागते. काजळी जळून जाते, राख मात्र जळत नाही. ती जाळीत कायमची साचून राहते. म्हणून अशा गाडीच्या पुस्तकात सीके-४ किंवा युरोपीय पद्धतीची ‘एसीईए सी’ वर्गाची प्रत सांगितलेली असेल, तर जुन्या गाडीसाठी आणलेल्या डब्यातले उरलेले ऑइल तीत ओतू नये.

भावाचा हिशेब येथेही करून पाहावा. सहा लिटर ऑइल लागते आणि योग्य ऑइल लिटरला १०० रुपयांनी महाग पडते असे धरले, तरी ६०० रुपयांचा हा फरक १०,००० किलोमीटरवर वाटला असता किलोमीटरला सहा पैसे होतो. सहा पैशांसाठी इंजिन पणाला लावणे कोणत्याही व्यापारनीतीत बसत नाही.

ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनात ते थोड्याच दिवसांत काळे पडते. काजळी आपल्यात धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. ते दुधाळ दिसले, तर मात्र पाणी शिरल्याची ती खूण होय. गेजपट्टीवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तरीही सावध व्हावे. काजळी जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिली की न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पातळी पाहावी. ती खालच्या आणि वरच्या खुणेच्या दरम्यान असावी. वरच्या खुणेपलीकडे भरणेही अपायकारकच असते.

बनावट ऑइलपासून बचावाचा मार्ग सोपा आहे. माहितीच्या दुकानातून, बिलासह, सीलबंद डबा घ्यावा. तो आपल्या समोर उघडावा. आणि रिकामा झाल्यावर त्याला छिद्र पाडूनच टाकावा, म्हणजे तोच डबा पुन्हा भरून दुसऱ्या कोणाची फसवणूक होणार नाही. प्रत्येक वेळी ऑइल फिल्टरही बदलावा. गिअर आणि क्राउनचे ऑइल, ब्रेक ऑइल व कूलंट यांच्या प्रती वेगवेगळ्या असतात; एकाच्या जागी दुसरे कधीही चालवून घेऊ नये.

काही नव्या गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक छोटी टाकी असते. तीत धूर शुद्ध करणारे डीईएफ भरावे लागते : ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी. ‘युरियाच तर आहे’ असे म्हणून शेतातील खत पाण्यात कालवून ओतण्याची चूक कोणी करू नये. २०१५ पासून देशातील खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो लेप आणि त्यातील अशुद्धी फवारणीची नळी तुंबवून पुढची सगळी यंत्रणा बिघडवितात. शेतीच्या सवलतीचे खत गाडीत वापरणे नियमातही बसत नाही.

जळक्या ऑइलची विल्हेवाट

गाडीतून काढलेले जळके ऑइल गटारीत, रिकाम्या जागेत किंवा पांझरेकाठी ओतून देण्याची पद्धत सर्वत्र आढळते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. पाण्यावर त्याचा तवंग पसरला की खालच्या जीवांना हवा मिळत नाही. मातीत मुरले की तेथील सूक्ष्म जीवसृष्टी नष्ट होते. पाणी गाळून पिण्याचा संस्कार जपणाऱ्या घराने याबाबतीतही तेवढीच जयणा पाळावी. ऑइल वेगळ्या डब्यात जमा करावे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणाऱ्या गॅरेजमध्येच काम करवून घ्यावे.

एक लहानशी वही

सरतेशेवटी या साऱ्या गोष्टी एका लहान वहीत येऊन थांबतात. गाडीच्या कप्प्यात ती वही ठेवावी. डिझेल भरताना दिनांक, किलोमीटरचा आकडा, लिटर, रक्कम आणि पंपाचे नाव. ऑइल बदलताना जाडी, प्रत, दुकान आणि पुढच्या बदलाचा आकडा, एवढीच नोंद पुरे. दर वेळी टाकी पूर्ण भरली, तर दोन भरण्यांमधील किलोमीटरला लिटरने भागून गाडीची तब्येत कळते. सरासरी अचानक घसरली, तर कारण इंधनात आहे, टायरच्या हवेत आहे की चालकाच्या पायात, हे शोधण्याची दिशा मिळते. चालकालाही या नोंदीत सहभागी करून घ्यावे. विश्वासाने सोपविलेले काम माणूस अधिक निगुतीने करतो.

ऑइलच्या निवडीबाबत वाद उपस्थित झालाच, तर गाडीबरोबर मिळालेले पुस्तक उघडावे. आधी पुस्तक, मग मिस्त्री आणि शेवटी दुकानदार, असा सल्ल्याचा क्रम ठेवावा. ते पुस्तक बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आलेले नसते. आज संध्याकाळी दुकान वाढविल्यावर ते शोधून काढावे आणि त्यातील इंधन व ऑइलची दोन पाने घरातील मुलाला मोठ्याने वाचायला सांगावीत. पुढे गाडी त्याच्याच हाती यायची आहे.